रसायन माशात किती साठेल? नव्याने अंदाज बांधू लागणाऱ्यांसाठी

पाणी, प्राणिप्लवंग, लहान मासा, मोठा मासा आणि टोकाला मासेखाऊ पक्षी. डीडीटीचं हे चित्र आपण सगळ्यांनी जीवशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेलं असतं. पाण्यात ०.००३ पीपीबी (अब्जात एक भाग), प्लवंगात ०.०४ पीपीएम (दशलक्षात एक भाग, म्हणजे १००० पीपीबी), लहान माशात ०.५, मोठ्या माशात २ आणि पक्ष्यात २५ पीपीएम. बाण वर वर जातात आणि आकडा वाढत जातो, एवढं लक्षात राहतं. आता तेच आकडे घेऊन भागाकार करून बघा. प्लवंगातून लहान माशात साडेबारा पट, लहान माशातून मोठ्या माशात चौपट, तिथून पक्ष्यात पुन्हा साडेबारा पट. आणि पाण्यातून प्लवंगात? तेरा हजार पट!

म्हणजे सगळ्यात मोठी उडी अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला नाही. पाण्यातलं रसायन पहिल्या जिवाच्या अंगात शिरतं तिथेच ती पडते. ही उडी किती मोठी असेल हे आधी कसं सांगायचं, आणि कोणत्या रसायनाबाबत असा अंदाज करायलाच जाऊ नये, ते मी इथे पायरीपायरीने मांडतोय. रसायनशास्त्रात किंवा पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून कंपनीच्या रेग्युलेटरी विभागात नव्याने रुजू झालेली मुलं-मुली माझ्या डोळ्यांसमोर आहेत. युरोपात माल पाठवायचा तर तिथल्या रीच कायद्याखाली माहिती द्यावी लागते, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतं, "याचा बीसीएफ किती?" म्हणजे पाण्याच्या तुलनेत हे माशात किती पट साठतं?

प्रत्यक्ष माशांवर चाचणी करता येते. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची ३०५ क्रमांकाची मार्गदर्शिका त्यासाठीच आहे. पण एका रसायनाला शंभराहून अधिक मासे लागतात, कित्येक आठवडे जातात आणि खर्च मोठा होतो. बाजारातल्या हजारो रसायनांसाठी हे शक्य नाही, आणि गरज नसताना मासे मारणं मला पटतही नाही. म्हणून आधी अंदाज, आणि अंदाज अपुरा पडला तरच चाचणी.

पायरी १: कोणता आकडा हवा ते ठरवा

इथे तीन-चार शब्द एकमेकांत मिसळतात. बीसीएफ म्हणजे मासा फक्त पाण्यातून, मुख्यतः कल्ल्यांवाटे, जेवढं घेतो त्याचा हिशेब: माशातलं प्रमाण भागिले पाण्यातलं प्रमाण. एकक लिटर प्रति किलो. बीएएफमध्ये पाणी आणि खाणं दोन्ही येतं. खऱ्या नदी-खाडीतल्या माशाचा आकडा हा. बीएमएफ म्हणजे खाणाऱ्यातलं प्रमाण भागिले खाल्लेल्यातलं. तो १ च्या वर गेला तर रसायन साखळीत चढतंय. टीएमएफ हाच हिशेब संपूर्ण अन्नजाळ्यासाठी करतो.

कायद्याचे उंबरठे बहुतेक बीसीएफवर बेतलेले आहेत. रीचमध्ये २००० च्या वर गेलं की पदार्थ 'साठणारा', ५००० च्या वर 'अतिशय साठणारा'. दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराचा निकष ५००० च्या वरचा बीसीएफ किंवा बीएएफ, आणि तो माहीत नसेल तर ५ च्या वरचा लॉग केओडब्ल्यू (रसायनाला पाण्यापेक्षा तेलाची ओढ किती, ते सांगणारा आकडा; तो पायरी ३ मध्ये येतो). भारत २००६ पासून या कराराचा पक्षकार आहे, म्हणून हे आकडे फक्त निर्यातदारांपुरते नाहीत. २००० आणि ५००० पाठच करून ठेवा. पुढची सगळी धडपड आपला पदार्थ या दोन रेघांच्या कोणत्या बाजूला आहे ते ठरवण्यासाठीच आहे.

पायरी २: रसायन नेमकं कोणतं, याची खात्री करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. व्यापारी नावावर विसंबू नका, कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक, मिळवा. त्या क्रमांकातच एक तपासणी दडलेली आहे. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनचा क्रमांक ९१-२०-३. शेवटचा ३ बाजूला ठेवा आणि उरलेले अंक उजवीकडून १, २, ३, ४ ने गुणा: ०×१, २×२, १×३, ९×४. बेरीज ४३, तिचा शेवटचा अंक ३. जुळलं. टंकताना अंक इकडेतिकडे झाला असेल तर बहुधा इथेच सापडतो. कागदाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर अर्ध्या मिनिटात होणारं काम आहे, ते करा.

मग रेणूची रचना स्वतः काढा. सॉफ्टवेअरला ती स्माइल्स नावाच्या एका ओळीच्या लिपीत द्यावी लागते, पण आधी हाताने काढली की तीन प्रश्न आपोआप सुटतात. हा एकच रेणू आहे की मिश्रण? क्षार आहे का? पाण्यात त्याच्यावर विद्युतभार येतो का?

तिसऱ्या प्रश्नावर मी स्वतः ठेचकाळलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सेंद्रिय आम्लाचा लॉग केओडब्ल्यू मी डेटाबेसमधून उचलला, सूत्रात घातला आणि मोठा बीसीएफ लिहून मोकळा झालो. तो आकडा भार नसलेल्या रेणूचा होता. नदीच्या पाण्याच्या पीएचला त्या आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू आयन होऊन बसतात, आणि आयनाला माशाच्या चरबीची ओढ फार कमी. वरिष्ठांनी फाईल परत पाठवली. तेव्हापासून मी पीकेए, म्हणजे कोणत्या पीएचला निम्मे रेणू आयन होतात तो आकडा, पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. आम्ल असेल आणि पाण्याचा पीएच पीकेएएवढाच असेल तर निम्मे रेणू आयन, पीएच एका अंकाने वर गेला तर दहातले नऊ.

पायरी ३: लॉग केओडब्ल्यू मिळवा, पण पारखून

मिसळीचा रस्सा थोडा वेळ तसाच राहू द्या. वर तर्री येते. मिरचीचा लाल रंग तेलात जातो आणि खालचं पाणी फिकं पडतं. मीठ मात्र पाण्यातच राहतं. केओडब्ल्यू म्हणजे हाच प्रयोग, फक्त तेलाच्या जागी ऑक्टॅनॉल नावाचं अल्कोहोल. रसायन ऑक्टॅनॉलमध्ये किती आणि पाण्यात किती, या प्रमाणांचा भागाकार म्हणजे केओडब्ल्यू. आकडे फार मोठे होतात म्हणून लॉग घ्यायचा. औषध कंपन्यांतली मंडळी त्यालाच लॉग पी म्हणतात.

नॅप्थलीनचा लॉग केओडब्ल्यू ३.३०, म्हणजे ऑक्टॅनॉलमध्ये पाण्याच्या सुमारे दोन हजार पट. हेक्झाक्लोरोबेंझीन, जे एके काळी बियाण्यांना बुरशीनाशक म्हणून लावत, त्याचा ५.७३, म्हणजे पाच लाखांहून अधिक पट. डीडीटीचा ६.९१, म्हणजे ८० लाख पटींच्या घरात. हे मिरचीचे रंग. मीठ तिकडे फिरकतही नाही.

हा आकडा कसा मोजला ते नेहमी पाहा. बाटली हलवून मोजायची पद्धत, ओईसीडी १०७, साधारण ४ पर्यंतच भरवशाची. त्यापुढे ऑक्टॅनॉलचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि पाण्यातलं प्रमाण खोटंच जास्त दिसतं. एचपीएलसीची पद्धत (रसायन स्तंभात किती वेळ अडकतं त्यावरून), ओईसीडी ११७, ६ पर्यंत जाते. अगदी हळू ढवळण्याची पद्धत, ओईसीडी १२३, ८ च्या थोडं पुढेपर्यंत चालते. म्हणून कोणी ६.५ हा आकडा बाटली हलवून मिळवला म्हणत असेल तर तो बाजूला ठेवा.

आणखी एक सावधगिरी. २००१ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने डीडीटी आणि त्याच्या विघटनातून बनणाऱ्या डीडीईचे छापून आलेले आकडे मुळापर्यंत शोधत नेले. एकाच पदार्थाच्या आकड्यांत कैक पटींची तफावत निघाली. कित्येक ठिकाणी लेखकांनी मूळ मोजणी न पाहता दुसऱ्याच्या लेखातला आकडा उचलला होता, तोही चुकीचा. तोच आकडा पाच ठिकाणी सापडला तर पाच पुरावे झाले असं समजू नका. बहुतेकदा तो एकच असतो, पाच वेळा उतरवलेला.

पायरी ४: आधी कागदावर गणित

सॉफ्टवेअर उघडायची घाई करू नका. दोन जुनी सूत्रं वहीत लिहून घ्या.

पहिलं १९७९ चं, अमेरिकेतल्या डुलुथच्या प्रयोगशाळेतले गिलमन वीथ आणि सहकाऱ्यांचं:
लॉग बीसीएफ = ०.८५ × लॉग केओडब्ल्यू − ०.७०

दुसरं १९८२ चं, डोनाल्ड मॅके यांचं:
बीसीएफ = ०.०४८ × केओडब्ल्यू

मॅके यांचं सूत्र मला फार आवडतं, कारण त्यात अख्खा विचार दिसतो. माशाच्या अंगात ढोबळमानाने ५ टक्के चरबी धरा, ती चरबी ऑक्टॅनॉलसारखी वागते असं माना, मग मासा म्हणजे ४.८ टक्के ऑक्टॅनॉल. बाकी माशाचा हिशेबच नाही. कल्ले नाहीत, यकृत नाही, वाढ नाही. ही या सूत्राची ताकदही आहे आणि मर्यादाही.

नॅप्थलीन घाला. वीथ: ०.८५ × ३.३० − ०.७० = २.१, म्हणजे बीसीएफ सुमारे १२७. मॅके: सुमारे ९६. दोन्ही २००० च्या खूप खाली. हेक्झाक्लोरोबेंझीन घाला. वीथ: ४.१७, म्हणजे जवळपास १४,८००. मॅके: २५,८०० च्या आसपास. दोन्ही ५००० च्या खूप वर, आणि माशांवरच्या मोजण्यांतही हा पदार्थ हजारांच्या घरात साठलेला दिसतो. इथे सूत्रांनी आपलं काम चोख केलं.

आता डीडीटी. वीथ जवळजवळ दीड लाख सांगतं, मॅके चार लाखांच्या जवळ जातं. १९९३ चं बिंटेन आणि सहकाऱ्यांचं वळणदार सूत्र, जे ओईसीडी ३०५ च्या परिशिष्टातही दिलं आहे, ते मात्र ७,८०० वर थांबतं. इतका फरक का? कारण लॉग केओडब्ल्यू ६ च्या पुढे गेलं की सरळ रेघ वाकते. इतकं चरबीप्रिय रसायन पाण्यात मोकळं राहतच नाही, गाळाला आणि कुजक्या सेंद्रिय कणांना चिकटतं आणि कल्ल्यांपर्यंत पोचत नाही. जे शिरतं तेही इतकं हळू की चाचणी संपेपर्यंत मासा भरत नाही. पण पाहा, सूत्रांत पन्नास पटींचा फरक असूनही निकाल एकच: ५००० च्या वर. नवख्याला मी हेच सांगतो, की आकड्यांच्या भांडणात आधी विचारा, निकाल बदलतो का? बदलत नसेल तर ते भांडण सोडा आणि पुढे चला.

खरी कसोटी लॉग केओडब्ल्यू ४.५ ते ५ च्या पट्ट्यात लागते. तिथे एक सूत्र २००० च्या वर नेतं, दुसरं खाली आणतं. रीचने चाळणीसाठी ४.५ ची रेघ का ओढली, ते ही दोन गणितं स्वतः केली की समजतं.

पायरी ५: किती साठेल याबरोबर किती दिवसांत

तळाला बारीक छिद्र असलेल्या पिंपात नळ सोडून द्या. पाण्याची पातळी चढत जाते आणि एका उंचीला स्थिर होते, येणारं आणि जाणारं सारखं झालं की. मासाही असाच भरतो. आत येण्याच्या दराला के-१, बाहेर जाण्याच्या दराला के-२ म्हणतात आणि बीसीएफ म्हणजे के-१ भागिले के-२. छिद्र जितकं बारीक, तितकी पातळी उंच, आणि तिथवर पोचायला वेळही तितकाच जास्त.

के-२ चा कच्चा अंदाज ओईसीडी ३०५ च्या त्याच परिशिष्टात मिळतो: लॉग के-२ = १.४७ − ०.४१४ × लॉग केओडब्ल्यू. स्थिर पातळीच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला लागणारे दिवस म्हणजे ३ भागिले के-२. नॅप्थलीनसाठी के-२ दिवसाला १.२७ येतो, म्हणजे अडीच दिवसांत मासा भरला, आणि स्वच्छ पाण्यात सोडला तर अर्धं रसायन १३ तासांत बाहेर. हेक्झाक्लोरोबेंझीनला सुमारे २४ दिवस. डीडीटीला ७० हून अधिक.

मुद्दा असा, की माशांना रसायनात ठेवण्याचा नेहमीचा काळ २८ दिवसांचा असतो. डीडीटीसारख्या पदार्थासाठी २८ व्या दिवशी मासा आणि पाणी मोजून भागाकार केला तर पिंप भरायच्या आधीच पातळी मोजल्यासारखं होतं. जुन्या अहवालात लहान बीसीएफ दिसला तर हे पहिलं तपासा. स्थिर पातळी गाठली होती का, की दोन्ही दरांवरून बीसीएफ काढला?

दुसरं, माशाची चरबी. बोंबलात पाणीच पाणी, चरबी नावाला. तारली आणि बांगडा चरबीदार, आणि तीही हंगामाप्रमाणे कमी-जास्त. म्हणून वेगवेगळ्या माशांचे आकडे एका पातळीवर आणायला ५ टक्के चरबीवर बेततात: मोजलेला बीसीएफ गुणिले ५, भागिले त्या माशातल्या चरबीची टक्केवारी. १० टक्के चरबीच्या माशात ३००० आला असेल तर बेतलेला आकडा १५००. एवढ्याने निकाल फिरतो.

पायरी ६: आता सॉफ्टवेअर

तीन साधनं विनामूल्य मिळतात आणि सुरुवातीला पुरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं एपी स्वीट, मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेशी जोडलेलं वेगा, आणि ओईसीडीचा क्यूसार टूलबॉक्स. स्माइल्सची ओळ द्या, काही क्षणांत आकडा येतो. धोका नेमका तिथेच आहे, कारण ही साधनं कशालाही आकडा देतात. साबणाला देतील, रंगद्रव्याला देतील, त्यांनी कधी न पाहिलेल्या रेणूलाही देतील.

म्हणून आकड्याआधी त्याच्या आजूबाजूचं वाचा. वेगा तुमच्या रेणूशी मिळतेजुळते सहा रेणू दाखवतं, त्यांचा मोजलेला आणि वर्तवलेला बीसीएफ शेजारी ठेवतं आणि आपला अंदाज स्वतःच्या कक्षेत बसतो की नाही हे सांगतं. ते सहा रेणू एकेक करून बघा. तुमच्या रेणूत ब्रोमीन असेल आणि शेजाऱ्यांपैकी एकातही नसेल, तर हिरवी खूण दिसली तरी मी विश्वास ठेवत नाही. एपी स्वीटमध्ये बीसीएफबीएएफ नावाचा भाग आहे. त्यात साध्या सूत्राचा आकडा मिळतो, आणि आर्नॉट-गोबास प्रारूपाचाही. हे प्रारूप कल्ले, खाणं, विष्ठा, वाढ आणि शरीरातलं विघटन असं सगळं वेगवेगळं मोजून खालच्या, मधल्या आणि वरच्या पातळीच्या माशांसाठी आकडा देतं. शिवाय विघटन धरून आणि न धरून असे दोन्ही आकडे दाखवतं. या दोघांत मोठी दरी असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

पायरी ७: यकृताला विसरू नका

मासा म्हणजे तेलाचा थेंब नव्हे. बेंझो-ए-पायरीन घ्या. डांबर, काजळी, जळकं इंजिन ऑइल यांत सापडणारा, कर्करोगाला कारण ठरणारा पाच कड्यांचा रेणू. लॉग केओडब्ल्यू ६.१३. वीथचं सूत्र सांगतं, बीसीएफ ३२,००० च्या वर. माशांत मोजलेले आकडे मात्र बहुतेकदा याच्या कितीतरी खाली, काहीशेच्या घरातसुद्धा येतात. कारण माशाच्या यकृतातली विकरं त्याला ऑक्सिजन जोडतात, पाण्यात विरघळणारा करतात आणि पित्तावाटे बाहेर टाकतात. पिंपाला दुसरं, मोठं छिद्र असल्यासारखं.

पण हे यंत्र सगळ्या जिवांत सारखं नसतं. तिसऱ्या, कालवं, शिणाणे यांच्यात ते फार मंद चालतं. शिवाय ही मंडळी दिवसभर पाणी गाळून खातात, त्यामुळे काजळीचे कणही आत घेतात. म्हणूनच किनाऱ्याच्या प्रदूषणावर शिणाण्यांच्या मदतीने पाळत ठेवण्याची कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली आणि ती जगभर रुजली. आपल्याकडे खाडीकाठी ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका असतात, त्या घरी शिजतात आणि बाजारातही जातात. 'माशात साठत नाही' असं अहवालात लिहिताना तिसऱ्यांचं काय, हा प्रश्न मला सोडवत नाही. तुम्हीही सोडू नका.

आणखी एक गोष्ट. मूळ रसायन नाहीसं झालं म्हणजे धोका संपला असं होत नाही. बेंझो-ए-पायरीनचे तुकडेच डीएनएला चिकटतात. बीसीएफ साठवण सांगतो, विषारीपणा सांगत नाही.

विघटनाचा वेग जाणून घ्यायला जिवंत मासेच हवेत असं नाही. २०१८ मध्ये ओईसीडीने ३१९-ए आणि ३१९-बी या दोन मार्गदर्शिका आणल्या. रेनबो ट्राउटच्या यकृतपेशी किंवा यकृताचा अर्क घेऊन त्यात रसायन किती वेगाने कमी होतं ते मोजायचं आणि तो वेग प्रारूपात घालायचा. मोजके मासे लागतात आणि अंदाज बराच सुधारतो.

पायरी ८: जिथे ही वाटच बंद आहे

मिथिल मर्क्युरी क्लोराइडचा केओडब्ल्यू दोनच्याही खाली आहे. लॉग नव्हे, मूळ आकडाच. वरची सूत्रं लावली तर ते माशात साठायलाच नको. आणि १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता शहरात ज्या रोगाची अधिकृत नोंद झाली तो याच रसायनामुळे. कारखान्यातून उपसागरात गेलं, मासे आणि शिंपल्यांत साठलं आणि कोळ्यांच्या घरातल्या माणसांच्या, गर्भातल्या बाळांच्या मेंदूपर्यंत पोचलं. ते चरबीत जात नाही. प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट धरून बसतं, म्हणून माशाच्या मांसात राहतं. माशाची चरबी काढून टाकली तरी ते जात नाही.

पीएफओएस हे फ्लोरीनयुक्त रसायन आणि त्याची भावंडं अशीच. पाणी आणि तेल दोन्ही नको असलेली ही फ्लोरीनची साखळी ऑक्टॅनॉल आणि पाण्याच्या सीमेवर जाऊन बसते, त्यामुळे केओडब्ल्यू नीट मोजताही येत नाही. शरीरात ती रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटते. तिथे चरबीवर बेतलेला आकडा अर्थहीन.

धातूंचं तर गणितच उलटं. जस्त आणि तांबं शरीराला हवं असतं, म्हणून पाण्यात कमी असेल तेव्हा प्राणी ते जपून ठेवतो आणि जास्त झालं की बाहेर टाकतो. परिणामी पाणी जितकं स्वच्छ, तितका बीसीएफ मोठा दिसतो. धातूंना २००० ची रेघ लावू नका. धुलाईच्या पावडरीतले सरफॅक्टंट (मळ सोडवणारे रेणू), आणि भार असलेले रंगद्रव्यांचे रेणू यांनाही या सूत्रांत कोंबू नका. अशा ठिकाणी मोजणीच हवी, किंवा त्याच कुटुंबातल्या मोजलेल्या पदार्थाशी तुलना.

पायरी ९: साखळीत वर काय होतं

लॉग केओडब्ल्यू ५ च्या पुढे गेलं की खाण्यातून येणारा वाटा पाण्यातून येणाऱ्या वाट्याला मागे टाकू लागतो. तेव्हा बीएमएफ पाहा. प्रत्यक्ष खाडीत अभ्यास असेल तर प्राण्याची साखळीतली पातळी नायट्रोजन-१५ या समस्थानिकावरून काढतात. दर पायरीला ते साधारण ३.४ सहस्रांशांनी वाढतं. त्या पातळीसमोर रसायनाचा लॉग मांडला आणि रेघ वर गेली, तर टीएमएफ १ च्या वर.

सुरुवातीच्या चित्रात पक्ष्याकडे जाताना आकडा पुन्हा साडेबारा पट झाला होता, ते आठवा. मासा कल्ल्यांवाटे रसायन परत पाण्यात सोडू शकतो. पक्षी, डॉल्फिन आणि माणूस हवेत श्वास घेतात. रसायनाला हवेत जायची इच्छा नसेल तर ती वाट बंद. २००७ मध्ये केली, गोबास आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की लॉग केओडब्ल्यू २ च्या वर आणि ऑक्टॅनॉल-हवा गुणोत्तराचा लॉग ६ च्या वर असेल, तर असा पदार्थ माशांत फारसा न चढताही हवेत श्वास घेणाऱ्यांत चढू शकतो. बीटा-एचसीएच, लिंडेन या कीटकनाशकाचं भावंड, हे त्याचं ठळक उदाहरण. म्हणून बीसीएफ लहान आला की ऑक्टॅनॉल-हवा गुणोत्तरही एकदा बघायची सवय लावा. कोकण किनाऱ्यालगत फिरणाऱ्या डॉल्फिनबद्दल माशाचा बीसीएफ काहीच सांगत नाही.

पायरी १०: एक पदार्थ स्वतः करून पाहा

सरावाला ट्रायक्लोसान घ्या. साबणात आणि टूथपेस्टमध्ये वापरलं गेलेलं जंतुनाशक. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने ते घरगुती हात धुण्याच्या साबणांतून हटवलं. लॉग केओडब्ल्यू ४.७६, पीकेए ८ च्या आसपास.

वीथचं सूत्र लावा: ३.३५, म्हणजे बीसीएफ २२०० च्या आसपास. २००० च्या वर. एपी स्वीटमधलं नवं साधं सूत्र, ०.६६ × लॉग केओडब्ल्यू − ०.३३, लावा: २.८१, म्हणजे ६४० च्या आसपास. २००० च्या खाली. इथे निकाल बदलतो, म्हणून हे भांडण सोडून पुढे जाता येणार नाही. के-२ काढा: दिवसाला सुमारे ०.३२, म्हणजे दहा दिवसांच्या आत स्थिर पातळी. त्यामुळे २८ दिवसांची चाचणी पुरेशी आहे, आणि मोजलेला आकडा मिळाला तर त्याला अंदाजापेक्षा जास्त वजन द्या. मग पीएच पाहा. ७ पीएचच्या नदीत दहातले नऊ रेणू भाररहित, ८ च्या आसपासच्या खाडीत जेमतेम निम्मे. म्हणजे एकाच पदार्थाचा बीसीएफ नदीत आणि खाडीत वेगळा, आणि अहवालात पीएच न लिहिता नुसता आकडा देणं अपुरं.

एवढं झालं की सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काय होतं ते बघा. तिथले जिवाणू ट्रायक्लोसानच्या काही रेणूंवर मिथिल गट बसवतात. मग तो रेणू आयन होऊच शकत नाही, अधिक चरबीप्रिय होतो आणि जास्त काळ टिकतो. त्याची रचना हाताने काढा, लॉग केओडब्ल्यूचा अंदाज घ्या आणि पायरी ४ पासून पुन्हा सुरुवात करा. दोन्ही पदार्थांचे आकडे, वापरलेली सूत्रं, शेजारी रेणू, पीएच आणि कोणत्या जिवाबद्दल काही सांगता आलं नाही, हे सगळं एका पानावर लिहा. ते पान वरिष्ठांना दाखवायच्या आधी एक दिवस तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचा.